‘मला जमेल’ : एका प्रश्नावलीचं वाचन

कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, वेबसिरीजची तर दुसरा भाग सुरू व्हायच्या आत होते. प्रश्नावलीची कुणी करत नाही. खरं तर प्रश्नावली हाही एक मजकूरच आहे. तिच्यात एक ‘मी’ असतो, त्या ‘मी’च्या तोंडी कुणीतरी वाक्यं घातलेली असतात, आणि वाचणाऱ्यानं त्या वाक्यांत स्वतःला बसवून बघायचं असतं. फरक एवढाच की कविता वाचून झाल्यावर कुणी तुमच्या हातात आकडा देत नाही.

मी वाचायला घेतली आहे ती मेंदूला इजा झालेल्या माणसांसाठीची मोजपट्टी. अमेरिकेत कोलोराडोमधल्या क्रेग हॉस्पिटलच्या लेनोर हॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याबद्दलचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. नाव ‘सेल्फ-ॲडव्होकसी स्केल’. ती विचारते ते साधंच आहे : स्वतःसाठी बोलायची, स्वतःसाठी काही मागायची वेळ आली, तर ते आपल्याला जमेल असं तुम्हाला कितपत वाटतं? जमतं का, असं ती विचारत नाही. जमेल असं वाटतं का, असं विचारते.

ही ‘वाटण्या’ची भानगड आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाची. १९७७ साली त्यानं मांडलं की माणूस एखादी गोष्ट करायला घेतो की नाही, घेतली तर अडचण आल्यावर किती वेळ टिकतो, हे त्याच्या कौशल्याइतकंच ‘हे मला जमेल’ या भरवशावर अवलंबून असतं. इंग्रजीत त्याला सेल्फ-एफिकसी म्हणतात. मराठीत शब्दशः आणायला गेलं तर ‘स्व-परिणामकारकता’ असा काहीतरी दगड तयार होतो, म्हणून मी इथं ‘भरवसा’च म्हणणार आहे.

आता हा भरवसा शाहूपुरीत आणून बघू. शाहूपुरी म्हणजे कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनजवळची, शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेली, गुळाच्या उलाढालीवर मोठी झालेली पेठ. गल्ल्यांना नावांऐवजी आकडे : पहिली गल्ली, दुसरी गल्ली. घाऊक दुकानं, गोदामं, लॉज, बँका. बोलल्याशिवाय इथं काही चालत नाही. भाव बोलून ठरतो, उधारी बोलून मिळते, आणि मालक चार कामं एकाच दमात सांगतो.

समजा, इथल्या एका घाऊक दुकानात सव्वीस वर्षांचा मुलगा हिशेब लिहितो. एका संध्याकाळी बाइकवरून पडतो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. दवाखान्यात पहिली मोजपट्टी लागते ती ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली केलेली. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, यावर ३ ते १५ गुण. याला समजा १३ मिळतात. १३ ते १५ म्हणजे ‘सौम्य’ इजा. फाइलवर तसं लिहिलं जातं, टाके निघतात, त्यावर केस वाढतात आणि दीड महिन्यानं मुलगा गल्लीत परत दिसायला लागतो. “बरा हाईस की भावा!” असं जो तो म्हणतो.

बहुतेक जण सौम्य इजेतून बरे होतातही. पण सगळे होत नाहीत. या मुलाला दोन माणसं एकदम बोलायला लागली की दोघांचंही कळत नाही. शब्द जिभेवर येऊन थांबतो. दुपारी तीननंतर डोकं बंद पडतं आणि बेरीज तीनदा करूनही वेगळी येते. राग पटकन येतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कधी कधी कामाला सुरुवात करण्याची कळच सापडत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो.

त्याला मालकाला एवढंच सांगायचंय : “मला कामं तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. आणि हिशेब सकाळी द्या, संध्याकाळी नको.” स्वतःसाठी बोलणं म्हणजे ही दोन वाक्यं. मोर्चा नाही, घोषणा नाही. पण ही दोन वाक्यं तो बोलला नाही तर नोकरी जाईल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ म्हणतो की नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेनं त्याला काढू नये किंवा खालच्या पदावर ढकलू नये. सरकारी आस्थापनेनं. तिसऱ्या गल्लीतल्या दुकानाला हे कलम लागत नाही. शिवाय त्या कायद्याच्या यादीत एकवीस अपंगत्वं आहेत. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण अपघातानं मेंदूला झालेली इजा स्वतःच्या नावानं त्यात नाही. तिला दुसऱ्या कुठल्यातरी खान्यातून आत शिरावं लागतं. थोडक्यात, या मुलाकडे कायद्याचा आधार पातळ आहे आणि तोंड हेच हत्यार आहे. आणि मार लागलाय तो नेमका तोंडापर्यंत शब्द पोचवणाऱ्या यंत्रणेला.

म्हणून ही मोजपट्टी मला महत्त्वाची वाटते. कीथ सिसेरोन आणि जोआन अझुले यांच्या २००७ सालच्या अभ्यासात दिसलं होतं की मेंदूच्या इजेनंतर माणूस आयुष्याबद्दल किती समाधानी आहे याचा संबंध त्याच्या भरवशाशी, विशेषतः आपलं विसरणं, आपलं लक्ष उडणं आपल्याला सांभाळता येईल या भरवशाशी आहे. तेव्हा भरवसा मोजायला हवा, यात वाद नाही. वाद आहे तो वाक्यांबद्दल.

या जातीच्या सगळ्या पट्ट्यांची वाक्यं एका घाटाची असतात : ‘मी अमुक करू शकतो, याची मला खात्री आहे.’ उद्या कुणी हे मराठीत आणलं तर पहिल्यांदा काय होईल? प्रत्येक ओळीत ‘शकतो’ आणि तिरकी रेघ मारून ‘शकते’. ते चालेल. पण ‘शकणे’ हे मराठीतलं फार ढिलं क्रियापद आहे. पाऊसही पडू शकतो. ‘मी मालकाशी बोलू शकतो’ यात कौशल्य आहे, परवानगी आहे, ताकद आहे की नुसती शक्यता, काही कळत नाही.

मराठी एरवी या बाबतीत फार काटेकोर आहे. ‘मला बोलता येतं’ : म्हणजे कौशल्य आहे. ‘मला बोलायला जमतं’ : म्हणजे कौशल्य आहे आणि आजवर निभावलंही आहे. ‘माझ्याच्यानं बोलवत नाही’ : म्हणजे येतं, पण अंगातून, मनातून निघत नाही. यासाठी आपल्या व्याकरणात वेगळा प्रकारच आहे, शक्य क्रियापद. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं आणि आजारी माणसाच्या घरात दिवसातून दहादा वापरलं जातं : चालवत नाही, बसवत नाही, जेववत नाही. ‘मला बोलू देत नाहीत’ : म्हणजे सगळं आहे, पण मध्ये माणूस उभा आहे. आणि ‘बोलून काय उपयोग’ : म्हणजे सगळं आहे, मध्येही कुणी नाही, फक्त ऐकणारा भिंत आहे.

ही पाच वाक्यं पाच वेगवेगळ्या दुखण्यांची आहेत. पाचही माणसं ‘मी बोलू शकतो’ या ओळीपुढे एकच खूण करतील : ‘अजिबात खात्री नाही.’ पाचांनाही सारखाच आकडा मिळेल. पहिल्याला सराव हवा, तिसऱ्याला विश्रांती आणि औषध, चौथ्याला घरच्यांनी जरा मागं सरणं, आणि पाचव्याला? पाचव्याला काही नको आहे. दुरुस्ती काउंटरच्या पलीकडे करायची आहे.

इथं बांडुराला दोष देता येत नाही, कारण हा फरक त्यानं त्याच १९७७ च्या लेखात केला होता. ‘मी हे करू शकेन’ ही एक अपेक्षा आणि ‘हे केलं तर त्याचा परिणाम होईल’ ही दुसरी. दोन्ही वेगळ्या धराव्यात, असं त्यानं बजावलं. भरवशाच्या पट्ट्या पहिलीच मोजतात, आणि ते प्रामाणिक आहे. पण आपल्याकडे दुसरी पहिलीला खाऊन टाकते. पाच वेळा हेलपाटे मारून सहाव्यांदा ‘साहेब नाहीत’ ऐकलेल्या माणसाला विचारा, तुम्हाला बोलता येईल असं वाटतं का? तो म्हणेल, नाही. त्याचा भरवसा कमी पडला असं आपण लिहून घेऊ. खरं तर त्यानं ऑफिसचं अचूक वर्णन केलेलं असतं.

शब्दाचाही घोळ आहे. ‘ॲडव्होकसी’ला मराठीत आधी सुचतं ‘वकिली’. पण वकील म्हणजे आपल्यासाठी बोलणारा दुसरा. स्वतःची वकिली स्वतः करणाऱ्याला आपण कौतुकानं काही म्हणत नाही. ‘गाऱ्हाणं’ घालायचं तर हात जोडावे लागतात. ‘तक्रार’ केली तर माणूस तक्रारखोर. सगळ्यात जवळचा शब्द ‘पाठपुरावा’, पण पाठपुराव्यासाठी काय लागतं? कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, तो काय म्हणाला, कागद कुठं ठेवला, हे सगळं लक्षात. ज्याची स्मृतीच गळते आहे त्याला आपण स्मृतीवर चालणारं हत्यार देतो.

याच कोल्हापुरात स्वतःसाठी बोलण्याचं फार मोठं काम झालेलं आहे, आणि त्याचं पुस्तकही आहे : नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’. ऐन तरुणपणी कमरेखालचं शरीर लुळं पडलं, पुढं केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ची स्थापना, उचगावचं ‘घरौंदा’ वसतिगृह. शाहूपुरीपासून उचगाव काही लांब नाही. दिव्यांगांबद्दल बोलताना आपल्याकडे एक पिढी ‘नसीमादीदी’ या नावाशिवाय वाक्य पुरं करत नाही, आणि ते योग्यच आहे.

बांडुरानं भरवशाचे चार स्रोत सांगितले : स्वतः करून बघणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, कुणीतरी ‘तुला जमेल’ म्हणणं, आणि शरीर-मनाची त्या क्षणाची अवस्था. नसीमादीदींच्या आयुष्यात दुसरा स्रोत ठळक आहे : बाबूकाका दिवाण. तेही चाकाच्या खुर्चीत, आणि तरीही धंदा सांभाळणारे. त्यांची भेट हे त्या आयुष्यातलं वळण. ‘धीर धर’ म्हणणारे शंभर जण भेटतात; त्याच खुर्चीतून कामाला जाणारा एक भेटला की गणित बदलतं.

पण ‘चाकाची खुर्ची’ आणि आपली एकूण संघर्षकथांची परंपरा वाचताना एक गोष्ट खटकत राहते. पुस्तकाचा दोष म्हणून नव्हे, प्रकाराची मर्यादा म्हणून. या आत्मकथांमधलं शरीर कितीही मोडलेलं असलं तरी निवेदक शाबूत असतो. त्याला नावं आठवतात, क्रम आठवतो, कोणत्या साहेबानं काय उत्तर दिलं ते आठवतं. आत्मचरित्र म्हणजेच आठवण. मग ज्याची आठवणच जखमी आहे, ज्याला सलग दोन पानं लिहिताना दमायला होतं, त्याचं आत्मचरित्र कसं दिसेल? बहुधा ते फोनमधल्या नोट्समध्ये, अलार्मच्या नावांत, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये विखुरलेलं असेल. त्याला पुस्तक म्हणायची आपली तयारी नाही. म्हणूनच त्याला बाबूकाकाही सहज भेटत नाहीत : आपल्यासारखा दुसरा कुठं आहे हे कळायला त्याची गोष्ट आधी कुठंतरी दिसावी लागते.

सिनेमा तर आणखी वाईट. ‘सदमा’मधली नायिका डोक्याला मार लागून लहान मूल होते, सगळं प्रेम, सगळं दुःख तिला सांभाळणाऱ्याचं. २००८ चा ‘गजनी’ तुमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत पाहिला असेल, आणि तो तसाच पाहायला हवा. त्यात अंगावर गोंदवलेली वाक्यं, फोटो, चिठ्ठ्या आहेत. पुनर्वसनात स्मृतीसाठी वह्या आणि फोन वापरायला शिकवतात, त्याचंच हे भडक रूप. पण एवढी साधनं जमवून तो माणूस करतो काय? सूड घेतो. कुणाला काही मागत नाही, कुणाला ‘हळू बोला’ म्हणत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मला या बाबतीत सगळ्यांत पुढचा वाटतो. तिथं अपघात नाही, स्मृतिभ्रंश आहे; ती गोष्ट वेगळी. संस्कृतचे जुने पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतात आणि कानडी बोलणाऱ्या माहुताच्या बायकोपाशी, चन्नम्मापाशी पोचतात. तिला त्यांचा पूर्वेतिहास माहीत नाही, भाषाही धड जुळत नाही. पण ती त्यांच्या चुका दुरुस्त करत बसत नाही. तिच्यासमोर ते बोलू लागतात. बोलणाऱ्यात काहीच बदललेलं नसतं. ऐकणारी बदललेली असते. त्यांच्या हातात दोन्ही ठिकाणी ही प्रश्नावली दिली असती तर आकडा बदलला असता, असं मला राहून राहून वाटतं.

आता एक खरी अडचण, जी बाजूला सारता येत नाही. मेंदूच्या काही इजांमध्ये आपल्याला काय झालंय याची जाणीवच जखमी होते. माणूस मनापासून म्हणतो, मला सगळं जमतं, उद्यापासून दुकानात जातो. त्याच्या शब्दावर आकडा लिहायचा का? यावर जॉर्ज प्रिगाटानो यांच्या १९८६ च्या पट्टीनं एक वाट काढली : तेच तीस प्रश्न रुग्णाला विचारायचे, तेच घरच्या माणसालाही, आणि दोन उत्तरांतलं अंतर बघायचं. युक्ती चांगली आहे. पण त्यात घरचा माणूस आपोआप खरा आणि रुग्ण चुकलेला ठरतो. आमच्याकडे थोरला भाऊ ‘त्याला काय जमत नाही’ म्हणतो तेव्हा त्यात निरीक्षण किती, काळजी किती आणि अपघाताच्या भरपाईची केस किती, हे कोण मोजणार?

यातून आकड्याची गंमत होते. सुरुवातीला जाणीव नसताना भरवसा शंभर. सहा महिन्यांनी जाणीव परतते, आपण काय गमावलंय ते दिसतं, भरवसा चाळीसवर येतो. कागदावर माणूस खालावला. प्रत्यक्षात तो पहिल्यांदा जमिनीवर उभा राहिलाय. आकडा वाढला म्हणजे सुधारणा, असं धरून चालणाऱ्या कुठल्याही संस्थेनं ही पट्टी हातात घेऊ नये.

दुसरीकडे, चांगलं बोलता येणं अंगाशीही येतं. अपंगत्वाचे बरेच लाभ चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. हाताचं वाकणं मोजता येतं; दुपारी तीननंतर बंद पडणारं डोकं सकाळी अकरा वाजता तपासणीच्या खोलीत दिसत नाही. मुलगा तयारी करून, नीट मुद्देसूद बोलला, तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा तर ठीक आहे. अडखळला, चिडला, तर म्हणतात, याच्या भावालाच बोलवा. म्हणजे बोललास तर आजारी नाहीस, नाही बोललास तर माणूस म्हणून मोजला जात नाहीस.

न्यायालयाला टक्क्यांचा हा भ्रम कळलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालच्या एका निकालात मोटार अपघाताच्या भरपाईबद्दल बजावलं की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाई बुडाल्याची टक्केवारी नव्हे. उदाहरण दिलं ते डावा हात गेलेल्या माणसाचं : तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ सगळी बुडेल, सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेलही. इजा तीच, ती कुठल्या कामाला, कुठल्या जागेला भिडते यावर नुकसान ठरतं. भरवशाच्या मोजमापाला हाच न्याय का नको? शाहूपुरीतला चाळीस आणि ज्या दवाखान्यात रुग्णाशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेले लोक आहेत तिथला चाळीस, हे एक कसे?

गंमत म्हणजे यावरचं औषधही बांडुराकडेच आहे. २००६ साली त्यानं अशा पट्ट्या कशा बनवाव्यात याचं मार्गदर्शन लिहिलं. त्यात तो सांगतो की प्रश्नात अडथळ्याचं नाव असलंच पाहिजे. ‘मी व्यायाम करू शकतो’ असं मोघम विचारू नका. थकलेलो असताना, हवा खराब असताना करू शकतो का, असं विचारा. अडथळे नसतील तर सगळेच पूर्ण गुण घेतील. म्हणजे मराठी पट्टी ही भाषांतर असूच शकत नाही. अडथळे इथले हवेत, आणि ते फक्त इथल्या लोकांनाच माहीत आहेत.

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : मेंदूच्या इजेतून गेलेले लोक आणि त्यांचे नातेवाईक यांच्या एका गटाला आखीव अभ्यासक्रमानं बाजू मांडायला शिकवलं, दुसऱ्या गटाला नुसतं एकत्र बसू दिलं, काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. काहींना हा प्रयोग फसलेला वाटेल. मला तो उत्साह वाढवणारा वाटतो. अभ्यासक्रम, प्रशिक्षक, स्लाइड नसतानाही एकत्र बसलेली माणसं मागं पडली नाहीत. अशी बैठक शाहूपुरीतल्या एखाद्या तालमीच्या कट्ट्यावरही होऊ शकते, आणि पट्टीची वाक्यं तिथंच लिहिली जाऊ शकतात.

मी माझ्यापुरती काही लिहून बघितली. ‘मागं रांग उभी असताना, “एकदा परत सांगा” असं मला म्हणता येतं.’ ‘सोबतचा भाऊ माझ्या वतीनं बोलायला लागला, तर त्याला थांबवता येतं.’ ‘शब्द सापडत नसताना समोरच्याला थांबायला लावता येतं.’ ‘राग आल्यावर बाहेर जाऊन, परत येऊन तेच वाक्य पुरं करता येतं.’ ‘मालकानं “बरा तर हाईस की” म्हटल्यावर, नाही, असं सांगता येतं.’ प्रत्येक वाक्यापुढे दोन खाने. एक, हे तुम्हाला जमेल का. दुसरा, तुम्ही केलंत तर समोरचा ऐकेल का. दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवायचे, बेरीज करायची नाही. दुसऱ्या खान्यातले आकडे त्या माणसाच्या फाइलला न लावता संबंधित ऑफिसच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या नावानं जमा करायचे.

घरच्या माणसाची प्रत वेगळी भरून घ्यावी, वेगळ्या खोलीत. आणि रुग्णाची प्रत भरून घ्यायची ती एका बैठकीत नाही, दोनदा : एकदा सकाळी दहाला आणि एकदा दुपारी साडेचारला, दुकान भरलेलं असतं तेव्हा.